ठिपक्यांची मंडलं: आठ महिने रंगवल्यानंतरचा अनुभव

डॉट मंडल म्हणजे गोल पाटीवर मध्यापासून कडेपर्यंत रंगाचे ठिपके मांडत काढलेली नक्षी. दिवाळीनंतरच्या सेलमध्ये त्याचं किट मागवलं, त्याला आता आठ महिने झाले. एवढ्या काळात आठ इंची गोल अकरा झाले, चार कोस्टर झाले आणि एक बारा इंची झाला. ऑफिसमधून आल्यावर डोकं शांत व्हावं एवढ्याच इच्छेने घेतलं होतं. ती इच्छा पूर्ण झाली, आणि माझा हा छंद आता सुटेल असं वाटत नाही. पण किटमधलं निम्मं सामान कपाटात पडून आहे, म्हणून नव्याने घेणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते.

किटमध्ये मोठे ठिपके ठेवायच्या ॲक्रेलिक प्लास्टिकच्या आठ कांड्या, बारीक ठिपक्यांसाठी टोकाला गोळी असलेली डॉटिंग टूल्स, प्लास्टिकच्या स्टेन्सिल, रंगांच्या बारा इवल्याशा डब्या आणि एक ब्रश होता. कांड्या आणि डॉटिंग टूल्स उत्तम, रोज वापरते. रंग मात्र दोन आठवड्यांत दगड झाले, झाकणंच नीट बसत नव्हती. स्टेन्सिलने ठिपके भरले की कडेने रंग आत शिरतो, तेव्हा त्या बाजूला ठेवल्या. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी किट घेणारच नाही. कांड्या आणि टूल्स तेवढी सुटी घेईन, रंग कॅमलचे ॲक्रेलिक आणि एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे) गोल पुण्याच्या बोहरी आळीतून. घरात टाचणी, पेन्सिलचं खोडरबर आणि ब्रशची मागची टोकं असतील तर पहिलं मंडल तेवढ्यावरही होतं.

खरी गोष्ट आहे रंगाच्या घट्टपणाची, आणि ती कुठल्याही किटच्या कागदावर नीट लिहिलेली नसते. ट्यूबमधला रंग तसाच घेतला तर कांडी उचलताना ठिपक्याला वर टोक येतं आणि ते तसंच वाळतं. पाणी जास्त झालं तर ठिपका पसरतो, वाळताना मध्ये खड्डा पडतो, रंगही फिका दिसतो. आंबोळीचं पीठ जसं तव्यावर आपोआप सपाट होतं, तेवढा सैल हवा. मी टाकाऊ पुठ्ठ्यावर एक ठिपका ठेवून मनात पाचपर्यंत मोजते. तोवर टोक बसलं तर रंग जमला. एप्रिल-मेमध्ये डबी उघडी राहिली की दहा मिनिटांत साय धरते, तेव्हा ओला रुमाल झाकावा लागतो.

हात सरळ खाली, सरळ वर. तिरका उचलला की शेपूट येतं. आधी आठ इंचाच्या गोलावर काळा जेसो (रंगाखालचं अस्तर) लावायचा, वाळला की पांढऱ्या पेन्सिलीने मध्यातून सोळा भाग पाडायचे, म्हणजे दर साडेबावीस अंशांवर एक रेघ. पहिल्या महिन्यात मी रेघा अंदाजाने मारायचे. मध्यापासून दोन सेंटिमीटरवर ठिपका एक मिलिमीटर सरकला आणि त्याच दिशेने पुढे गेलात, तर कडेला पोहोचेपर्यंत ती चूक पाच मिलिमीटरची होते. आता कोनमापक घेतल्याशिवाय बसत नाही. ओला ठिपका चुकला तर ओल्या इअरबडने उचलावा. वाळल्यावर मात्र कटरच्या टोकाने हळूच सोलावा लागतो.

सगळ्यात सुख देणारा भाग म्हणजे मोठ्या ठिपक्याची झालर. बारीक टूल रंगात एकदाच बुडवायचं आणि मोठ्या ठिपक्याच्या डोक्यापासून एका बाजूने खाली उतरत जायचं. टोकावरचा रंग संपत जातो तसा प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा थोडा लहान होतो, आपल्याला काही करावं लागत नाही. मग दुसऱ्या बाजूने तसंच. सोळा मोठे ठिपके, प्रत्येकाला दोन बाजू, अशी बत्तीस वेळा तीच कृती. तिसऱ्या-चौथ्या ठिपक्याला माझा श्वास आपोआप संथ होतो. दिवसभरातलं बोलणं डोक्यातून जातं, कारण पुढचा ठिपका किती लहान पडेल एवढंच बघायचं असतं. फोन दुसऱ्या खोलीत हवा, ही माझी एकमेव अट.

किटमधल्या नमुन्यांत सरडा आणि कासवाची ठिपकेदार चित्रंही होती. ती मी काढली नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीत १९७१ पासून तिथल्या आदिवासी चित्रकारांनी ॲक्रेलिकने आपल्या पूर्वजांच्या कथा बोर्डांवर आणायला सुरुवात केली. ती चिन्हं त्यांची आहेत. आपल्याकडे गोल आणि ठिपका यांना काही कमी वाट नाही.

कोस्टर करू नका. ठिपके उंच असतात, त्यामुळे कप डुगडुगतो. गरम चहाने ॲक्रेलिक मऊ पडतं, आणि कप उचलताना माझे दोन ठिपके त्याच्या बुडाला चिकटून आले. भिंतीवर टांगायच्या वस्तू कराव्यात. पावसाळ्याचीही काळजी घ्यावी. मी फक्त पुढून रंगवलेला गोल जुलैत कडेने फुगला, आता मागून आणि कडेलाही जेसो लावते. पाऊस चालू असताना स्प्रे वार्निश मारलं तर पांढुरकी झाक येते, ती माझ्या निळ्या मंडलावर कायमची राहिली आहे. कोरडा दिवस बघून दोन पातळ हात द्यावेत. आणि मान वाकवून दोन तास बसू नये. मी बोर्ड केकच्या फिरत्या स्टँडवर ठेवते, हात जागेवर राहतो आणि गोल फिरतो.

आई शेजारी येऊन बसते. तिच्या माहेरी उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद होता, चैत्रांगणाच्या दिवसांत तो रोज निघायचा. पंधरा ते आठची रांगोळी म्हणजे एकशे एकोणसत्तर ठिपके, हे तिला आजही तोंडपाठ. बोटं सुजलेली असल्याने बारीक टूल तिला धरवत नाही, पण वीस मिलिमीटरची जाड कांडी मुठीत बसते, म्हणून मधला आणि भोवतालचे मोठे ठिपके तीच ठेवते.

काळ्यावर तिला आवडत नव्हतं. "अगं, गेरूवर काढ ना, अंगण दिसलं पाहिजे," म्हणाली. बारा इंची गोल तसा केला. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात जरासा लाल मिसळला, दोन हात दिले, आणि वर फक्त पांढरा. एकाच रंगात सगळा खेळ ठिपक्यांच्या लहान-मोठेपणाचा, चूक लपवता येत नाही, त्यामुळे दोन रविवार गेले. तो आता उंबऱ्याशेजारच्या भिंतीवर आहे, आणि मधले सतरा ठिपके आईचे आहेत.