बोस्टनला जाताय? फेनवे पार्क टूर आणि टी पार्टी म्युझियम, दोन्ही कराच

बेसबॉल कळत नाही म्हणून फेनवे पार्क टाळणारे आपले बरेच लोक आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. १९१२ सालचं मैदान, बोस्टनची बेसबॉल टीम रेड सॉक्स अजून तिथेच खेळते. टूरमध्ये ग्रीन मॉन्स्टरवर, म्हणजे त्या ३७ फुटी हिरव्या भिंतीवर नेतात, भिंतीतला स्कोअरबोर्ड आजही आत बसलेली माणसं हाताने आकडे लावून चालवतात. वरून समोर बघितलं की सगळ्या हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल दिसते, रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचा १९४६ चा ५०२ फुटांचा होम रन (आपल्या सिक्सरसारखा फटका) तिथे जाऊन पडला होता. भिंतीच्या बाजूलाच तो पिवळा खांब, १९७५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीत, सहाव्या मॅचला, बाराव्या इनिंगमध्ये रेड सॉक्सच्या कार्लटन फिस्कने बॉल टोलवला आणि दोन्ही हात हलवत त्याला अक्षरशः आत ढकलत राहिला, आणि बॉल खांबाला लागून होम रन! सिरीज शेवटी सिनसिनाटीने नेली, पण लोकांना लक्षात राहिला तो फिस्कच. २००४ ला न्यूयॉर्कच्या यँकीजकडून सलग तीन हरल्यावर चौथ्या मॅचमध्ये रेड सॉक्सच्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला (बॉल टाकला जात असतानाच धावत पुढचा टप्पा गाठला) तो पण इथेच, तिथून सगळं फिरलं आणि १९१८ नंतर पहिल्यांदा ट्रॉफी आली. खेळ कळत नसला तरी अंगावर काटा येतो हो.

टी पार्टी म्युझियम साऊथ स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. ब्रिटिशांच्या चहावरच्या कराविरुद्ध बोस्टनकरांनी जहाजांवरचा चहा समुद्रात फेकला, ती ही ‘टी पार्टी’. आधी सभा भरते, नट मंडळी भाषणं ठोकतात, आपण पण ओरडायचं, मग जहाजावर चढून दोरी बांधलेल्या चहाच्या पेट्या पाण्यात फेकायच्या, मुलं जाम खूश होतात. पण मला खरं थांबवलं ते काचेतल्या रॉबिन्सन पेटीने, १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री फेकलेल्या ३४२ पैकी वाचलेली ही एक, छोटीशी, साधी लाकडी. चहा चिनी, पण माल आपल्याच ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचा! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि १७७५ ला राघोबादादा सुरतेला ह्याच कंपनीशी तह करून बसले, हे तिथे उभं राहून आठवलं की पोटात कालवाकालव होते, एकीकडे लोक कंपनीचा माल बुडवतायत आणि आपल्याकडे तिलाच मदतीला बोलावतायत. मुलांना हे तिथेच सांगा.

शेवटी टी रूममध्ये फेकलेल्या पाचही प्रकारचे चहा चाखायला मिळतात, बोही आणि हायसन नक्की घ्या. फेनवे सकाळी उरका, मॅचच्या दिवशी टूरच्या वेळा बदलतात, आधी बघून मगच तिकीट काढा.