लिथियमची गोळी : नऊ हंगामांचा अनुभव

तासगाव भागात माझी अडीच एकर द्राक्षबाग आहे. बरीचशी सोनाका, थोडी थॉमसन, आणि निम्म्याहून जास्त माल बेदाण्याला जातो. आम्ही बागायतदार फवारणीचे अनुभव एकमेकांना भरभरून सांगतो. भुरी रोगावर काय चाललं, कशानं पानं करपली, फवारणीचा कुठला ब्लोअर घेऊ नये. पण 2016 पासून रोज रात्री जी गोळी मी स्वतः घेतो, तिच्याबद्दल सख्ख्या मेव्हण्यालाही कधी बोललो नव्हतो. लिथियम कार्बोनेट, 300 मिलिग्रॅम, जेवणानंतर तीन. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी खोल उदासीत जातं तर कधी बेफाम चढतं (त्याला उन्माद म्हणतात), असा आजार. या गोळीला मी पाचपैकी साडेचार तारे देतो.

तिच्यापर्यंत पोचायला पाच वर्षं लागली, ती आधी सांगतो.

2011 च्या पावसाळ्यात पहिल्यांदा उदासी आली. सकाळी बांधावर जाऊन नुसता बसायचो, काड्या बांधायच्या राहून गेल्या. एका डॉक्टरांनी एसिटालोप्राम हे उदासीवरचं औषध दिलं. सहाव्या आठवड्यात मी उठून कामाला लागलो तेव्हा घरात पेढे वाटले. त्यानंतरच्या महिन्यात मी रोज दोन तास झोपत होतो आणि तरी ताजा होतो. शेजारची चार एकर बाग खंडानं घेतली, दोन ब्लोअरला आगाऊ रक्कम दिली, रात्री दोन वाजता वहीत कोल्ड स्टोरेजचे नकाशे काढत बसलो. दादा म्हणाला, "पोरगं सुधारलं." दिवाळीनंतर मी खाली कोसळलो आणि सोसायटीचं कर्ज तेवढं वर राहिलं. 2013 ला पुन्हा तेच. ज्याला फक्त उदासीचा आजार आहे त्याला हे औषध चांगलं लागू पडतं. बायपोलरमध्ये मात्र मूड धरून ठेवणाऱ्या औषधाशिवाय ते एकटं दिलं, तर माणूस थेट उन्मादात जाऊ शकतो. मला आधी कधी असं चढलं होतं का, हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं. कॉलेजात चढलं होतं. आम्ही त्याला हुशारी समजलो.

दुसऱ्या वेळी दवाखान्यात ठेवलं आणि ओलान्झापिन सुरू झालं. उन्माद आठ दिवसांत उतरला, त्याबद्दल त्या औषधाचे आभार. पण भूक अशी लागायची की जेवून उठल्यावर पुन्हा भाकरीच्या टोपल्याकडे हात जायचा. वर्षात चौदा किलो वाढलो, साखरही वर सरकली. मग व्हॅल्प्रोएट. दोन वर्षं वरचं टोक आलं नाही, खालचं येत राहिलं, केस गळाले. (घरात तरुण मुलगी किंवा सून या आजाराची असेल तर व्हॅल्प्रोएटबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. गरोदरपणात बाळाला त्याचा मोठा धोका असतो.) क्वेटियापिननं झोप छान लागली, पण सकाळी नऊपर्यंत डोकं जड. वारा सुटायच्या आत पहाटे फवारणी उरकायची असते, तिथं मला बायको हलवून उठवायची.

2015 च्या हिवाळ्यातलं मी थोडक्यात लिहितो. आमच्याकडे फवारणीच्या द्रावणालाही औषधच म्हणतात. बायकोनं एक दिवस ते ठेवायच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली दादाकडे दिली, माझ्याशी एक शब्द न बोलता. ती किल्ली सव्वा वर्ष दादाच्या करगोट्याला होती. तुमच्या घरी असं माणूस असेल तर हे आजच करा, आणि 14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये ठेवा. तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत माझ्याशी कमी आणि दादाशी जास्त बोलणं केलं. "हा न झोपता ताजा कधी कधी होता?" असं विचारत त्यांनी एका कागदावर पाच वर्षांची रेघ काढली, वर-खाली, महिन्यांसकट. रेघ बघून मला रडू आलं. आपण आळशी नाही, उधळे नाही, हे एक दुखणं आहे, ते कागदावर दिसत होतं. त्यांनी लिथियम सुचवलं, पण गोळी लिहायच्या आधी किडनीची आणि थायरॉईडची तपासणी करून घेतली.

हे औषध नवं नाही. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं 1949 मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा गुण दाखवला. मोबाईलच्या बॅटरीत असतो तोच धातू, फक्त क्षाराच्या रूपात. कोणाला किती लागेल हे नुसत्या वजनावरून ठरत नाही, रक्तातलं प्रमाण मोजावं लागतं. मला हे लगेच पटलं. पानांच्या देठांचं परीक्षण केल्याशिवाय आम्ही पोटॅश खत सोडत नाही, आणि जीए हे वाढीचं संजीवक जादा पडलं तर घडाचं काय होतं ते बागायतदाराला सांगायला नको. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त. मधले बारा तास पाळायचेच आणि रक्त देईपर्यंत सकाळची गोळी असेल तर ती घ्यायची नाही, नाहीतर आकडा खोटा येतो. दोन गोळ्यांवर माझा 0.4 आला, तीनवर 0.8. साधारण 0.6 ते 1.0 मध्ये ठेवतात.

गुण यायला धीर लागला. पहिले दोन महिने मला काहीच वाटलं नाही आणि मी सोडायच्या बेतात होतो. पण त्या वर्षी फळछाटणी आली, गेली, आणि मी चढलो नाही. मालाचे पैसे हातात आले तरी चढलो नाही. पुढची उदासी आली ती पंधरा दिवसांची, आणि मी त्यातही डिपिंगला, म्हणजे घड संजीवकात बुडवायला, उभा होतो. नऊ वर्षांत दवाखान्यात एकदाच राहिलो, तेही आजारामुळे नाही.

ते झालं 2019 च्या एप्रिलमध्ये, खरड छाटणीत. बेचाळीस डिग्रीचं ऊन, कमरेला उसण, म्हणून गावातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून पाच दिवस घेतल्या. त्यात जुलाब लागले. सहाव्या दिवशी कपातला चहा बशीत सांडायला लागला, चालताना तोल जाई, जीभ जड. लोकांना वाटलं प्यायलोय. बायकोनं ओळखलं, गाडी करून मिरजेला नेलं. प्रमाण 1.9 होतं. गोळी बंद, सलाईन, चार दिवस. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं की किडनी लिथियमला मिठासारखंच वागवते. घामानं, जुलाबानं अंगातलं मीठ-पाणी गेलं की ती लिथियम धरून ठेवते, आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ते बाहेर पडू देत नाहीत. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच. म्हणून आता मेडिकलमध्ये काहीही घेताना मी आधी "लिथियम चालू आहे" असं सांगतो, आणि अंग दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेतो. निर्जळी उपवास सोडला. चुलत्यांनी कौतुकानं अळणी जेवण सुचवलं होतं, त्यांना हात जोडले. रोजचं मीठ रोजच्याएवढंच. बागेत जाताना पाच लिटरचा कॅन बरोबर.

अर्धा तारा कापला तो असा. तहान फार लागते आणि रात्री दोनदा उठावं लागतं. हाताला बारीक थरथर आहे, विरळणीला कात्री धरताना जाणवते, म्हणून ते काम बायका करतात आणि मी क्रेट उचलतो. चौथ्या वर्षी थायरॉईड मंदावला, आता सकाळी उपाशीपोटी त्याचीही एक छोटी गोळी. आणि पहिलं वर्षभर मला ती जुनी उडी आठवायची, रात्री दोनचे नकाशे आठवायचे. हे खरं आहे म्हणून लिहितो. ती आठवण हळूहळू विरली.

महिन्याच्या गोळ्या माझ्या दोनशे रुपयांच्या आत येतात, रक्ततपासणीला त्याहून जास्त लागतात. स्वस्त असल्यामुळे असेल, पण तालुक्याच्या दुकानात कधीकधी पट्टीच नसते, म्हणून मी पंधरा दिवसांच्या गोळ्या डब्यात शिल्लक ठेवतो. अचानक बंद करणं फार वाईट, उन्माद जोरात परततो. आमच्या ओळखीच्या एकानं "आता बरं वाटतंय" म्हणून स्वतःच सोडली होती. तीन आठवड्यांत त्याला धरून आणावं लागलं.

फवारणीच्या वहीत मागच्या पानांवर मी झोपेचे तास लिहितो आणि तपासणीच्या तारखा. लिथियमचा शेवटचा आकडा 0.7, किडनीचं क्रिएटिनिन 1.0. पुढची तपासणी फळछाटणीनंतर बाराव्या दिवशी येते, डिपिंगच्या आधी. सकाळच्या एसटीनं मिरजेला जाईन, रक्त देईन, मग चहा घेईन.