गोदाकाठची जिओकॅश-फेरी: कोडी घरी सोडवायची की वाटेवर?

जिओकॅश म्हणजे लपवून ठेवलेला डबा, जो अक्षांश-रेखांशांवरून मोबाइलने शोधायचा असतो. नाशिकजवळ नदीकाठाने कोड्यांची जिओकॅश-फेरी आखायची असेल तर दोन प्रकार समोर येतात: मिस्ट्री आणि मल्टी. मिस्ट्री प्रकारात नकाशावरचा बिंदू खोटा असतो. कोडे घरी सोडवायचे, उत्तरातून खरे अक्षांश-रेखांश काढायचे आणि थेट डब्यापाशी जायचे. खोटा बिंदू खऱ्या जागेपासून साधारण ३ किमीच्या आत ठेवायचा असा संकेत आहे. मल्टीमध्ये पहिला बिंदू खरा असतो. तिथे काही मोजायचे किंवा वाचायचे, त्यावरून पुढचा टप्पा काढायचा, असे करत शेवटच्या डब्यापर्यंत पोचायचे.

आमचा कौल सरळ आहे. शहराबाहेरच्या काठाला, म्हणजे सोमेश्वर-गंगापूर गावाकडे किंवा खाली चांदोरी-सायखेड्याकडे, मिस्ट्री घ्या. पंचवटीच्या घाटांवर मल्टी घ्या.

बाहेरच्या काठावर सगळा प्रश्न पाण्याचा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की काठाची वाट कधी तासाभरात पाण्याखाली जाते. जायकवाडीसाठी पाणी सोडतात तेव्हा तर आकाश निरभ्र असतानाही पात्र भरते. मल्टीची साखळी एका टप्प्यावर तुटली की पुढचे सारे बंद. पाच टप्प्यांपैकी तिसरा वाहून गेला तर चौथा-पाचवा जागेवर असूनही कोणाला सापडत नाही. मिस्ट्रीचे डबे एकमेकांवर अवलंबून नसतात. एक गेला तरी बाकीचे चालू राहतात.

तरीही फेरी एकसंध वाटावी म्हणून सहा डबे ठेवा आणि प्रत्येकाच्या झाकणाच्या आत एक अंक लिहा. सहा अंकांतून सातव्या, बोनस डब्याच्या अक्षांशाचे शेवटचे तीन आणि रेखांशाचे शेवटचे तीन आकडे मिळतात. सहाही अंकांची बेरीज संकेतस्थळावरच्या फेरीच्या पानावर, माहितीत आधीच देऊन ठेवा, म्हणजे एखादा डबा हरवला तरी त्याचा अंक वजाबाकीने निघतो. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागते. चार किलोमीटरच्या वाटेवर त्याची अडचण येत नाही.

कोड्यासाठी परक्या सांकेतिक लिपीपेक्षा कटपयादी, म्हणजे अक्षरांतून अंक सांगण्याची जुनी भारतीय पद्धत वापरा, ती देवनागरीत चपखल बसते. क, ट, प, य या प्रत्येकापासून १ मोजायला लागायचे. ञ आणि न म्हणजे शून्य. जोडाक्षरात शेवटचे व्यंजन धरायचे, मात्रा-अनुस्वार सोडायचे आणि आलेले अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. चांदोरी: च ६, द ८, र २, म्हणून उलट वाचून २८६; हे अक्षांश किंवा रेखांशाच्या मिनिटांतले दशांशचिन्हानंतरचे तीन आकडे. चूक नेमकी इथेच होते. कोणी सरळ वाचून ६८२ घेतले तर मिनिटाच्या हजारांशांत ३९६ चा फरक पडतो, म्हणजे जमिनीवर सुमारे ७३० मीटर. तेवढ्यात माणूस पलीकडच्या काठावर जातो. साधी बेरीज ही चूक पकडत नाही, दोन्हींची १६ येते. म्हणून अंकाला त्याच्या स्थानाने गुणून बेरीज द्या: २८६ ची ३६, ६८२ ची २८. ‘ळ’ आला तर तो ९ धरायचा, हेही सांगून टाका.

‘अक्षरे मोजा’ असे कोडे मात्र टाळा. ‘क्षेत्र’ची अक्षरे आपण दोन म्हणतो, संगणक सात मोजतो, आणि वाद मिटत नाही.

अंश आणि पूर्ण मिनिटे माहितीतच द्या, कोड्यातून फक्त दशांशानंतरचे तीन आकडे काढायला लावा. नाशिकला हे जास्तच महत्त्वाचे, कारण २० अंशांची अक्षांशरेषा शहरातूनच जाते: रामकुंड २० अंशांत, नाशिकरोड १९ अंश ५७ मिनिटांच्या आसपास. अंश गृहीत धरणारा हमखास भलतीकडे पोचतो. शेवटच्या आकड्यात एकाची चूक झाली तर दोन मीटरही फरक पडत नाही. पहिल्या दशांशात झाली तर १८५ मीटर. संभाव्य चुकीची उत्तरे नकाशावर टाकून पाहा, एखादे पात्रात किंवा द्राक्षमळ्यात पडत असेल तर कोडे बदला. फवारणीच्या दिवसांत मळ्यात कोणी शिरू नये.

उत्तर तपासण्याची सोय मिस्ट्रीच्या पानावर ठेवता येते. मल्टीत चूक कळते ती दोन टप्पे पुढे गेल्यावर, आणि तिथे नेटवर्क मिळेलच असे नाही.

घाटांवर गणित उलटे होते. गर्दीत बेवारस डबा म्हणजे पोलिसांना बोलावणे, आणि सिंहस्थाच्या काळात तर कोणी धोका पत्करणार नाही. तिथे टप्प्यावर डबाच नको, फक्त प्रश्न हवा. कोरीव दगडात असेल तेच विचारा. रंगवलेले फलक बदलतात, दुरुस्तीच्या कामात उखडले जातात. पायऱ्या मोजायला सांगू नका, पाणी चढले की खालच्या बुडतात. कपालेश्वरासमोर नंदी किती, असले प्रश्न निरुपयोगी. नंदी नाही हे नाशिककराला घरबसल्या माहीत असते. चांगला प्रश्न तोच, ज्याचे उत्तर जागेवर उभे राहूनच मिळते. शेवटचा डबा गर्दीपासून दूर, मालकाच्या परवानगीने त्याच्या आवारात ठेवा.

नांदूरमध्यमेश्वरचा मोह अनेकांना होतो. ते अभयारण्य आहे आणि रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे डबा ठेवू नका. पक्षी-निरीक्षण मनोऱ्यावरून उत्तर मिळेल असा प्रश्न पुरतो.

डबे निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराच्या पाण्याची सरकारने आखलेल्या हद्दीच्या, वर ठेवा. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर चांदोरीला पात्रातली जुनी मंदिरे उघडी पडतात, पण तिथे टप्पा ठेवला तर एरवी तो पाण्याखाली जातो. क्लिप-झाकणाचा ५०० मिलीचा हवाबंद डबा, आत झिपची पिशवी, नोंदवही आणि पेन्सिल. ओलाव्यात पेनची शाई पसरते. खाण्याची वस्तू ठेवली तर मुंग्या आणि माकडे डबा फोडतात. पुरू नका, उंबर-करंजाच्या मुळांत टेकवून दोरीने बांधा. झाडाखाली मोबाइलचे स्थान दहा मीटरनेही हुकते, म्हणून वेगवेगळ्या दिवशी वाचने घेऊन सरासरी काढा आणि नेमकी खूण पानावरच्या ‘हिंट’मध्ये लिहा. हात घालण्याआधी काठीने चाचपा असेही लिहा, घोणस अशाच पाचोळ्यात असते.

निफाडकडच्या उसात बिबट्याचा वावर असतो. त्यामुळे फेरी उजाडल्यावर सुरू होऊन दिवस मावळण्याच्या बऱ्याच आधी संपेल, एवढीच लांबी ठेवा; मुलांसोबत चार किलोमीटरला तीन तास धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरा काळ. जूनपासून विसर्ग थांबेपर्यंत पानावर फेरी तात्पुरती बंद दाखवा, आणि पुन्हा सुरू करण्याआधी प्रत्येक डबा हातात घेऊन पाहा.