आई-बाबा आणि पोरं सोबत, हातात एकच दिवस: काठमांडू बरं का बँकॉक?

परवा मावसभावाचा फोन आला. यंदा तूर बरी झाली, हातात थोडे पैसे आहेत, घरचे सहा जण, त्यात मावशी आणि काका दोघंही साठीच्या पुढचे, दोन पोट्टे एक पाचवीत एक आठवीत, विदेशात जायचं हे नक्की झालं पण काठमांडू का बँकॉक हे काही ठरत नाही, दोन्हीकडे जाणंयेणं धरलं तर शहर पाहायला निवांत असा एकच दिवस मिळून राहिला, तू दोन्ही पाहून आला तर सांग म्हणे. फोनवर अर्धं बोललो आणि अर्धं राहिलं, म्हणून सगळं इथं लिहून काढतो. आपल्या आर्णी-दारव्हा भागातले अजून दोघं-तिघंही हेच विचारून राहिले, त्यांनाही कामी येईल.

आमचं सांगतो. दोन वर्षाआधी दिवाळी झाल्यावर काठमांडूला गेलो आणि मागच्या जानेवारीत बँकॉकला. दोन्ही वेळेस माणसं तीच, आई-बाबा, मी, बायको, पोरगी आणि पोरगा. आईचे गुडघे दुखतात, बाबांना वेळेवर जेवण लागतं. म्हणून मी जे सांगून राहिलो ते अशा घरासाठी आहे, एकट्यादुकट्या पोरांचा हिशोब वेगळा.

आधी कागदपत्रं, कारण अर्ध्या लोकांचं इथंच अडते. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि मोठ्या माणसाला पासपोर्टही लागतोच असं नाही, ओरिजिनल मतदान कार्ड असलं तरी विमानात बसता येतं. पण नुसत्या आधारवर निघू नका. बँकॉकला मात्र घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट पाहिजे, लहान पोराचाही, आणि तो निदान सहा महिने चालणारा पाहिजे. आमच्या बाबांचं शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं, आडनावात एका अक्षराचा फरक, तेवढ्यासाठी पासपोर्टचे तीन महिने गेले. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं बहुतेक असंच असतं, तर हे सगळ्यात आधी पाहा. आम्ही गेलो तेव्हा थायलंडने भारतीयांना व्हिसाची सूट दिलेली होती, आम्ही तशीच गेलो, पण हे नियम बदलत राहतात म्हणून तिकीट काढायच्या दिवशी एकदा पाहून घ्या. आणि 1 मे 2025 पासून तिकडे उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर ती साइट खोटी समजायची.

जायचं कसं, तर दोन्हीकडे सरळ विमान आपल्या नागपूरहून नाही. काठमांडूला आम्ही दिल्लीवरून गेलो. पैसे वाचवायचे असतील तर गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौली बॉर्डर आणि मग बस, पण त्या घाटाच्या रस्त्यात बसमध्येच अख्खा दिवस जातो आणि म्हाताऱ्या माणसाची कंबर राहत नाही, आई-बाबांना त्या रस्त्याने नेऊ नका. बँकॉकला आम्ही कोलकात्याहून गेलो, बडनेऱ्याहून हावड्याची गाडी धरली आणि पुढं विमान अडीच तासांचं. मुंबईवरून चार तासांच्या वर लागतात.

आता मुख्य गोष्ट, तो एक दिवस.

काठमांडूत सकाळी सहालाच पशुपतिनाथला गेलो. मंदिर विमानतळाच्या अगदी जवळ आहे. आत चामड्याचं काही चालत नाही, बेल्ट-पाकीट बाहेर ठेवा, आत फोटोही काढायचे नाहीत. मोठा सोनेरी नंदी, चार दारं, चारही दारांतून दर्शन होतं, आणि पूजा करणारे भट्ट पुजारी दक्षिण भारतातले असतात. मागं बागमती आणि तिच्या काठावर आर्यघाट, तिथं प्रेतं जळत असतात, उघड्यावर, सगळ्यांसमोर. पोरांना आधी सांगून ठेवा. माझी पोरगी दोन मिनिटं गप्प झाली, मग बाबांनीच तिला हात धरून समजावलं. वैनगंगेकाठचं मार्कंडा ज्यानं पाहिलं त्याला नदी, घाट आणि महादेव हे नवीन वाटणार नाही, फक्त इथं माणसांची वर्दळ लय जास्त.

आता आईचं सांगतो, कारण माझं मत त्याच्यावरच उभं आहे. आईनं घरून निघताना आपल्या वावरातल्या कापसाच्या वाती करून आणल्या होत्या, एका पन्नीत गच्च भरून, मी म्हटलं एवढ्या काहून, ती काही बोलली नाही. पशुपतिनाथला लाखबत्ती लावायची पद्धत आहे, म्हणजे लाख वातींचा दिवा. तिथं पायरीवर एक म्हातारी नेपाळी बाई मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसली होती, आई थेट तिच्या बाजूला जाऊन बसली. ती बत्ती म्हणे, आई वात म्हणे. आईला हिंदी मोडकीतोडकी, त्या बाईचीही तशीच. त्या बाईनं आईची वात बोटात धरून पाहिली, ओढून पाहिली, आणि मान हलवली, कापूस चांगला आहे म्हणून. मग आईनं तिला सरकी कशी काढतो, वेचाई कशी चालते, यंदा बोंडअळी किती लागली सगळं सांगितलं, त्यातलं तिला किती कळलं देव जाणे, पण दोघी अर्धा तास बसल्या होत्या. उठताना आई म्हणाली, "मले तं वाटलं आपल्याच गावची बाई हाय." अख्ख्या दिवसात तिनं एकदाही, आता इथून कुठं जायचं, असं विचारलं नाही.

तिथून बौद्धनाथ स्तूप, गाडीनं थोडंच अंतर. हे म्हाताऱ्या माणसांसाठी उत्तम आहे, खाली सगळं सपाट, गोल प्रदक्षिणा घालायची, तीही आपल्यासारखीच उजवीकडून, हातानं मंत्राची चक्रं फिरवत. सार्क देशातल्या, म्हणजे भारत धरून शेजारच्या देशांतल्या, लोकांना तिकीट इतर विदेशी लोकांपेक्षा बरंच कमी असतं, खिडकीवर भारतीय म्हणून सांगा आणि ओळखपत्र दाखवा. आपल्याकडच्या दीक्षाभूमीला नेहमी जाणारी मंडळी असतील तर त्यांना इथून लवकर हलवू नका, आमच्यासोबत विमानात उमरखेडकडचं एक कुटुंब होतं, ते दुपारपर्यंत तिथंच बसून होते.

जेवायला डाळ-भात-भाजीची थाळी कुठंही मिळते, वरून पुन्हा वाढतात, बाबा खुश. शाकाहारी मागायला काही कष्ट पडत नाहीत. पोरांना व्हेज मोमो.

दुपारी बसंतपूरचा दरबार चौक. 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपात इथलं बरंच पडलं होतं, ज्या काष्ठमंडपावरून काठमांडू नाव पडलं असं सांगतात तोही, आता तो पुन्हा उभा केला आहे. कुमारीचं घर इथंच, जिवंत देवी मानतात त्या लहान मुलीला, नशिबात असलं तर ती खिडकीत येते, फोटो काढायचा नाही. माझी पोरगी तेव्हा नऊ वर्षांची, तिच्यापेक्षा लहान मुलगी खिडकीत पाहून तिनं इतके प्रश्न विचारले की हॉटेलपर्यंत पुरले: ती शाळेत जाते का, तिची आई कुठं राहते, ती खेळते का. शेवटी स्वयंभू, म्हणजे टेकडीवरचा स्तूप. समोरून 365 पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी त्या नादी लागू नये, मागच्या बाजूनं गाडी बरीच वर जाते, तरी थोड्या पायऱ्या राहतातच. माहूर चढून जाणारे बाबा आरामात गेले, आई खाली गाडीत बसली. माकडं भरपूर, पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नका. वेळ उरला तर बुढानीलकंठ, पाण्यात शेषावर पहुडलेला विष्णू, एकाच दगडाचा, पण ते शहराच्या उत्तर टोकाला आहे, आम्हाला जमलं नाही आणि आईच्या मनात ते अजून राहिलं आहे.

काठमांडूत वाईट काय, तर धूळ आणि ट्रॅफिक. मास्क न्या. टॅक्सीवाल्याशी भाव आधीच बोला, नाहीतर मोबाइलच्या ॲपवरून गाडी बोलवा. आणि पोरांसाठी म्हणून खास असं तिथं फार नाही, माझा पोरगा तिसऱ्या मंदिरानंतर कंटाळलाच, हे मी लपवत नाही. पैशाचं सोपं आहे, आपले 100 म्हणजे त्यांचे 160, हा भाव कितीतरी वर्षं तोच आहे, शंभराच्या नोटा जवळ ठेवा, बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआयही चालतं.

आता बँकॉक. पहिली गोष्ट, शहर स्वच्छ आणि फिरायची सोय अशी की मन भरून येतं. डोक्यावरून धावणारी स्कायट्रेन, जमिनीखालून मेट्रो, नदीतून बोट, आणि बोटीचं भाडं आपल्या एसटीपेक्षा फार नाही, आम्ही गेलो तेव्हा केशरी झेंड्याची बोट घेतली तर कुठूनही कुठंही 16 बाट. एक बाट म्हणजे अडीच ते तीन रुपये धरा. पोरांना तर बोट आणि ट्रेन हेच सगळ्यात आवडलं.

बघायची तिन्ही मोठी ठिकाणं जवळजवळ आहेत. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हाच पोहोचा, दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, आईचं लुगडं आणि बाबांचा पायजमा एकदम बरोबर, मलाच हाफ पँट बदलावी लागली. तिकीट 500 बाट. तिथून चालत वाट फो (तिकडे वाट म्हणजे मंदिर), 46 मीटर लांब पहुडलेला बुद्ध, तळपायावर शिंपल्याच्या कामात 108 शुभचिन्हं, आणि मागच्या बाजूला 108 काशाची भांडी ओळीनं, त्यात एकेक नाणं टाकत जायचं. पोरं त्यात रमली. मग होडीनं पलीकडे वाट अरुण, त्याच्या पायऱ्या उभ्या आहेत, आई-बाबा खालीच बसले. तिन्ही मिळून एका मोठ्या माणसाचे 1000 बाट होतात, चार मोठे म्हटले की आपले दहा हजाराच्या वर गेले, आणि हे नुसतं तिकीट.

राजवाड्यातलं एक मात्र आईच्या हक्काचं निघालं. पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे ना, त्याच्या भोवती लांबच लांब भिंतीवर रामायण रंगवलेलं आहे, 178 चित्रं, त्यांच्याकडे त्याला रामकियेन म्हणतात. आईनं आधी पांढरा हनुमान ओळखला, मग रावण, तो हिरवा असतो तिथं, मग सेतू. आणि एका ठिकाणी हनुमानानं एवढं मोठं तोंड केलेलं की रामाचा अख्खा मंडप त्याच्या तोंडात, ते पाहून ती थांबली, ही गोष्ट आपल्याकडं नाही म्हणे. मग नातवाला भिंतीभिंतीनं गोष्ट सांगत गेली आणि जिथं तिला माहीत नव्हती तिथं पोरगा अंदाज सांगत होता. हा एक तास सोन्यासारखा गेला. बँकॉकला गेलात तर बाकी काही सोडा पण ही भिंत सोडू नका, बहुतेक लोक फोटो काढून पुढं निघून जातात.

पण त्या एका तासाच्या बाहेर आई दिवसभर आमच्या मागं मागं होती. पाणी पाहिजे तर मला सांगायचं, संडासला जायचं तर सुनेला सांगायचं, पाटी वाचता येत नाही, कोणाशी बोलता येत नाही. लोक फार नम्र, हात जोडून हसतात, तीही हसायची, पण त्याच्यापुढं काही नाही. संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "आज मी कोनाशीच बोलली नाही." मला ते लागलं.

जेवणाचंही बँकॉकला सांभाळावं लागतं. भाजीतही माशाचा रस टाकतात. "जे" असं लिहिलेला पिवळा झेंडा दिसला तर तिथं शुद्ध शाकाहारी, त्यात कांदा-लसूणही नसतो, आमच्या माळकरी बाबांना तेच चाललं. नाहीतर फाहुरात नावाच्या भारतीय वस्तीत जा, तिथं पंजाबी आणि इतर भारतीय जेवण मिळतं, मोठा गुरुद्वाराही आहे. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या सोबत असू द्या.

एक धोका सांगतो. राजवाड्याच्या बाहेर एक चांगला दिसणारा माणूस भेटला, आज सकाळी पूजा आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद, तोपर्यंत स्वस्तात टुकटुकनं फिरवून आणतो म्हणाला. आम्ही बसलो. त्यानं दोन दागिन्यांच्या दुकानात नेलं, सव्वा तास गेला, आणि राजवाडा तर उघडाच होता. फाटकाशी जाऊन स्वतः पाहिल्याशिवाय कोणाचं ऐकू नका.

संध्याकाळी सयाम भागातल्या मॉलमध्ये तळघरात मोठं मत्स्यालय आहे, डोक्यावरून शार्क जातात, पोरं तिथून निघायला तयार नव्हती. हवा म्हणाल तर आपल्या 45 च्या उन्हाळ्यापुढं ते ऊन काहीच नाही, पण घामानं जीव नकोसा होतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. काठमांडूला ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा आभाळ मोकळं असतं, डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं विमानं लेट होतात आणि पहाटेची थंडी म्हाताऱ्यांना झेपत नाही.

तर भाऊ, मावशी-काका येत असतील तर काठमांडूच कर. पोट्टे दोन तास कंटाळतील, त्यांना मोमो खाऊ घाल. ते दोघं येत नसतील, नुसते तुम्ही चौघं असाल, तर बिनधास्त बँकॉक, पोरांना त्या वयात जे पाहिजे ते सगळं तिथं आहे. दोन्ही मिळून एकाच वर्षी करायच्या फंदात पडू नको.

आणि आज संध्याकाळीच मावशीचं मतदान कार्ड कपाटातून काढून पाहा. नाव, फोटो, जन्मसाल. काही चुकलं असेल तर आधी दुरुस्तीला टाक, तिकीट त्याच्यानंतर.