उडवायचा की सोडवायचा? स्फोटक बोल्ट आणि त्याचे बिनस्फोटक पर्याय

समजा, तुमच्या टीमपुढे ५० किलोचा एक उपग्रह आहे. दोन्ही अंगांना घडी घातलेली सोलर पॅनेलं. रॉकेट वर चढत असताना ती तसूभरही हलता कामा नयेत, म्हणून बोल्ट घट्ट आवळलेले हवेत. आणि कक्षेत पोचल्यावर त्याच बोल्टांनी एका आज्ञेसरशी पकड सोडायला हवी. एक जरी अडकला तर पॅनेल उघडणार नाही, बॅटरी उतरत जाईल आणि काही वर्षांची मेहनत मुकाट्याने पृथ्वीभोवती फिरत राहील.

डिझाइन रिव्ह्यूत इथे हमखास दोन गट पडतात. एक म्हणतो पायरो लावा, म्हणजे स्फोटकावर चालणारा बोल्ट किंवा नट. साठ वर्षांहून जास्त काळ वापरात आहे, भरवशाचा आहे. दुसरा म्हणतो, उपग्रहात स्फोटक दारू नकोच. माझं मत आधीच सांगून टाकतो. निवड दोन प्रश्नांवर ठरवा. किती जोड एकाच क्षणी सुटायला हवेत? आणि जो नग वर जाणार आहे, नेमका तोच नग जमिनीवर चालवून पाहता येतो का? वजन, किंमत, वीज हे सगळं त्यानंतर.

पायरोचं बळ कशात आहे

स्फोटक बोल्ट आतून पोकळ असतो. पोटात मोजून भरलेलं स्फोटक आणि अंगावर मुद्दाम कोरलेली एक खाच. इशारा मिळाला की बोल्ट त्या खाचेवरच तुटतो. फ्रँजिबल नटमध्ये बोल्ट शाबूत राहतो आणि नटच कमकुवत केलेल्या रेषांवर फाटतो. तिसरा प्रकार सेपरेशन नटचा: नटाचे आटे तीन-चार तुकड्यांत विभागलेले, त्यांना बाहेरून कवळून धरणारी एक कॉलर. गॅसच्या दाबाने कॉलर सरकते, तुकडे फाकतात, बोल्ट मोकळा होतो. यात काहीच तुटत नाही आणि गॅसही आतच राहतो, म्हणून पायरोच घ्यायचा असेल तर नाजूक उपकरणांजवळ मी आधी याचाच विचार करेन.

या कुटुंबाची ताकद बघायची तर स्पेस शटलच्या लाँचपॅडकडे बघा. दोन्ही बूस्टर प्रत्येकी चार अशा एकूण आठ स्टडनी, म्हणजे जाडजूड बोल्टांनी, पॅडला जखडलेले असत. प्रत्येक स्टड सुमारे ७१ सेंटिमीटर लांब आणि ८.९ सेंटिमीटर जाड. बूस्टर पेटले की परतीची वाट नाही, म्हणून स्टडवरचे आठही नट त्याच क्षणी फुटायला हवेत. एवढा भार धरून ठेवायचा आणि काही मिलिसेकंदांच्या आत, सगळीकडे एकाच वेळी सोडायचा, हे काम स्फोटकाइतक्या लहान आकारात दुसरं कोणी करत नाही.

विजेचा हिशेब तर मला अजूनही थक्क करतो. नासाचा प्रमाणित इनिशिएटर, म्हणजे स्फोटक पेटवणारा भाग घ्या, त्याचं मूळ अपोलोच्या काळातलं. आतल्या ब्रिजवायरचा, म्हणजे करंटने तापणाऱ्या बारीक तारेचा, रोध सुमारे १ ओहम. १ अँपिअर करंट ५ मिनिटं वाहिला तरी तो पेटता कामा नये आणि ३.५ अँपिअरला पेटलाच पाहिजे, असा त्याचा निकष. ५ अँपिअर १० मिलिसेकंद दिले तर खर्च होते जेमतेम पाव ज्यूल ऊर्जा. उलट एखादा शेप मेमरीचा, म्हणजे तापवल्यावर मूळ आकाराला येणाऱ्या धातूचा, अ‍ॅक्च्युएटर २५ वॅटवर ३० सेकंद तापवला तर ७५० ज्यूल जातात, म्हणजे तीन हजार पट. पण घाबरून जाऊ नका. २० वॅट-अवरच्या बॅटरीचा हा जेमतेम १ टक्का झाला. आपल्या ५० किलोच्या उपग्रहासाठी हा निकाल फिरवणारा मुद्दा नाही. एकापाठोपाठ एक डझनावारी जोड सोडायचे असतील, तेव्हा मात्र तो नक्कीच फिरवतो. २०१२ साली मंगळावर उतरताना क्युरिऑसिटीच्या यानात ७६ पायरो उपकरणं होती आणि ती ठरलेल्या क्रमाने, काही मिनिटांत चालायची होती. तिथे एखाद्या बिनस्फोटक कुलपातलं मेण वितळायची वाट कोण बघणार?

पायरोची किंमत

पहिली किंमत शॉकची. स्फोटाजवळच्या भागात हजारो जीचे (गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट) धक्के बसतात, तेही काही किलोहर्ट्झ आणि त्यावरच्या वारंवारतेला. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचं यात काही बिघडत नाही. बिघडतं ते रिलेचं, क्वार्ट्झ क्रिस्टलचं, सिरॅमिक कपॅसिटरचं आणि सोल्डरच्या सांध्यांचं. मोठ्या यानात स्फोटाची जागा आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्यामध्ये दोन-चार जोड आणि मीटरभर अंतर असतं, वाटेत धक्का बराच विरतो. ५० किलोच्या उपग्रहात सगळंच हाताच्या अंतरावर.

दुसरी किंमत तुकड्यांची. शटलच्या बूस्टरचा पुढचा सेपरेशन बोल्ट तुटल्यावर त्याचा अर्धा भाग झेलायला बोल्ट कॅचर नावाचं भांडं होतं. २००३च्या कोलंबिया अपघातानंतर चौकशी मंडळाने तेही तपासलं. सुरक्षा गुणक (सोसता येणारा भार येणाऱ्या भाराच्या किती पट) १.४ हवा होता, प्रत्यक्षात तो ०.९५६ निघाला. अपघाताचं मूळ कारण फोमचा तुकडा हे होतं, पण हा आकडा वाचल्यापासून मी ‘तुकडा कुठे जाणार’ हा प्रश्न विचारल्याशिवाय ड्रॉइंगवर सही करत नाही.

तिसरी किंमत मला सगळ्यात जड वाटते. पायरो नग एकदाच चालतो. चालवून पाहिला की संपला. म्हणून एकाच लॉटमधले काही नग फोडून पाहायचे आणि उरलेल्यांवर विश्वास ठेवायचा. जो वर जाणार त्याची फक्त ब्रिजवायर अगदी थोड्या करंटने मोजता येते आणि क्ष-किरणाने आतली मांडणी बघता येते. तो न चालवताच वर जातो. याचा अर्थ पायरो बेभरवशाचा असा नाही. त्याचा इतिहास उत्तम आहे. पण त्याचा भरवसा लॉटचा असतो, त्या एका नगाचा नाही. म्हणूनच जोडीला दुसरा इनिशिएटर आणि दुसरं स्वतंत्र सर्किट लागतं. ७ ऑक्टोबर २००२ रोजी शटलच्या एसटीएस-११२ या उड्डाणात पॅडवरच्या दोन सर्किटांपैकी एकाने काम केलंच नाही. दुसऱ्या सर्किटाने आठही नट फोडले. ते नसतं तर काय झालं असतं, याची कल्पनाही नको वाटते.

न सुटण्याचे प्रसंग घडलेले आहेत. १९ एप्रिल २००८ला रशियाचं सोयूझ टीएमए-११ यान परत येत असताना उपकरण-कक्षाचा एक जोड वेळेवर सुटला नाही. यान चुकीच्या बाजूने वातावरणात शिरलं, आतल्या तिघांनी सुमारे ८ जी सोसले आणि ते ठरलेल्या जागेपासून ४०० किलोमीटरहून जास्त अंतरावर उतरलं. त्याच जुलैत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या दोन अंतराळवीरांनी बाहेर जाऊन पुढच्या सोयूझमधला एक पायरोबोल्ट हाताने काढला आणि स्फोट सोसणाऱ्या डब्यात बंद करून आत आणला. आपल्याकडे ३१ ऑगस्ट २०१७ला पीएसएलव्ही-सी३९चं उष्णता-कवच सुटलं नाही. रॉकेट कक्षेपर्यंत पोचलं, पण आयआरएनएसएस-१एच हा उपग्रह कवचाच्या आतच अडकून राहिला.

नको तेव्हा सुटण्याचंही उदाहरण आहे. २१ जुलै १९६१ला अमेरिकी अंतराळवीर गस ग्रिसमचं लिबर्टी बेल-७ हे यान समुद्रात उतरलं आणि ७० स्फोटक बोल्टांनी बसवलेलं दार अवेळी उडालं. ग्रिसम वाचला, यान बुडालं. कारण शेवटपर्यंत निर्विवाद ठरलं नाही.

यावर भारतातल्या टीमसाठी कागदपत्रांचं ओझं आहेच. १८८४चा स्फोटक कायदा आणि २००८चे नियम लागू होतात आणि ते बघणाऱ्या ‘पेसो’ या सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. साठवणूक, वाहतूक, स्थिर विजेपासून संरक्षण, शॉर्टिंग प्लग, कोण हात लावणार याची यादी. इस्रोसारख्या संस्थेत ही घडी बसलेली असते. कॉलेजच्या लॅबमध्ये ती नव्याने बसवण्यात वर्ष जाऊ शकतं.

न फोडता सोडणारे

इथे एकाच नावाखाली फार वेगवेगळी यंत्रं येतात, आणि निवडीतली बहुतेक गफलत इथेच होते.

स्प्लिट स्पूल हे माझ्या मते सगळ्यात समतोल साधन. उभ्या चिरलेल्या रिळाचे दोन अर्धे भाग, त्यांच्याभोवती घट्ट गुंडाळलेली तार आणि त्या तारेचं टोक धरून ठेवणारी एक बारीक फ्यूज वायर. करंट दिला की फ्यूज जळते, गुंडाळी उलगडते, रीळ फाकतं आणि बोल्ट निसटतो. हेही मिलिसेकंदांत मोजण्याइतकं जलद, म्हणून चार-सहा जोड जवळजवळ एकत्र सोडता येतात. आतलं रीळ बदलून यंत्रणा पुन्हा वापरता येते. म्हणजे सगळी यंत्रणा अनेकदा चालवून पाहिलेली असते, नवा असतो तो फक्त जळणारा भाग. २५ डिसेंबर २०२१ला निघालेल्या जेम्स वेब दुर्बिणीत १७८ रिलीज यंत्रणा होत्या, त्यातल्या १०७ फक्त सूर्यकवचाच्या पडद्यांसाठी. सगळ्या सुटल्या. इतक्या नाजूक आरशांशेजारी इतके स्फोट कोणी सुचवलेही नसते.

शेप मेमरीच्या प्रकारात निटिनॉल या मिश्रधातूची एक नळी बोल्टवर चढवलेली असते. तापवली की ती लांबते आणि खाच पाडलेला बोल्ट ताणून तोडते. जानेवारी १९९४च्या क्लेमेंटाइन यानाने हे वापरलं. रचना साधी, नळी दाबून पुन्हा वापरता येते, बोल्ट तेवढा बदलायचा. पण सुटायला अनेक सेकंद लागतात आणि किती ते तापमानावर ठरतं. थंडीत उशीर होतो. आसपासचा भागच फार तापला तर नको तेव्हा हालचाल होण्याची भीती, म्हणून वरची तापमानमर्यादा गांभीर्याने घ्या. दोन जोड एकदम सुटायला हवेत अशा ठिकाणी हे लावू नका.

पॅराफिनचा पिन-पुलर आणखी सावकाश. मेण वितळून फुगतं आणि पिन मागे खेचली जाते. शॉक जवळपास नाहीच. एकच झाकण, एकच कुलूप असेल तर सुरेख.

आणि बर्न-वायर: नायक्रोमची तार तापते आणि तिच्यावरून ओढून बांधलेला दोरा वितळून तुटतो. क्यूबसॅटच्या, म्हणजे डबीएवढ्या छोट्या उपग्रहाच्या, अँटेनासाठी उत्तम. यात आम्ही एकदा चांगलेच पोळलो आहोत. करंट हवेत ठरवला, शंभर वेळा दोरा तुटला, सगळे खूश. निर्वात कक्षात त्याच करंटला नायक्रोमच जळून तुटली, कारण उष्णता वाहून न्यायला हवाच नव्हती. दोरा तसाच राहिला. शिवाय नायलॉनचा दोरा ताणाखाली हळूहळू सैल पडतो, त्यामुळे बांधून महिनाभर ठेवल्यावर ताण पुन्हा मोजायचा.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. ‘नॉन-पायरो म्हणजे शॉक नाही’ हे खरं नाही. आवळलेल्या बोल्टमध्ये ताणाची ऊर्जा साठलेली असते. तो तुटला किंवा एकदम सुटला की ती सगळी ऊर्जा झटक्यात चौकटीत शिरते, स्फोट असो वा नसो. निटिनॉल सावकाश लांबते खरी, पण बोल्ट तुटतो तो क्षणातच. म्हणून पायरो काढून स्प्लिट स्पूल लावला आणि प्रीलोड, म्हणजे आवळून दिलेला ताण, तोच ठेवला, तर शॉकचा आलेख अपेक्षेइतका खाली येत नाही. आधी प्रीलोड खरोखर किती हवा ते काढा. काही सेपरेशन नटांत ही ऊर्जा फ्लायव्हील फिरवण्यात खर्च केली जाते. कल्पना सुंदर आहे, पण वजन आणि गुंतागुंत वाढते.

मग कोणी काय घ्यावं

क्यूबसॅट करत असाल तर प्रश्नच उरत नाही. अमेरिकेतल्या कॅल पॉली विद्यापीठाच्या क्यूबसॅट प्रमाणकाच्या तेराव्या आवृत्तीत पायरोला सरळ मनाई आहे, शिवाय रॉकेटवरच्या डबीतून बाहेर पडल्यावर निदान ३० मिनिटं काही उघडायचं नाही अशी अट आहे. बर्न-वायर घ्या, दोन तारा लावा, निर्वातात तपासा.

रॉकेटचे टप्पे, जड कवचं, पॅराशूटच्या दोऱ्या कापणं, जिथे उशीर म्हणजे नाश, तिथे पायरोला मी आजही पहिली पसंती देईन. अर्थात फाल्कन-९ने टप्पे वेगळे करायला हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा निवडली, आणि त्यामागचं कारण हेच, की तीच यंत्रणा जमिनीवर पुन्हा पुन्हा चालवून बघता येते. पण त्यासाठी दाबाच्या टाक्या, व्हॉल्व्ह आणि ते सांभाळणारी माणसं लागतात.

आपल्या ५० किलोच्या उपग्रहासाठी माझी निवड स्प्लिट स्पूल. दोन्ही बाजूंची पॅनेलं अर्ध्या मिनिटाच्या अंतराने उघडली तरी चालणार असतील आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर निटिनॉल. मात्र एकाच पॅनेलला दोन पॉइंट असतील तर निटिनॉल नको. एक आधी सुटला की पॅनेल दुसऱ्यावर पीळ देतं, बोल्ट भोकात तिरका अडकतो, आणि मग तो तुटूनही पॅनेल जागचं हलत नाही.

काहीही घेतलंत तरी चाचणी सगळ्यात थंड तापमानाला, निर्वातात आणि कंपन चाचणीनंतर करा. रीसेट केल्यावर प्रीलोड टॉर्क रेंचवरून गृहीत धरू नका. आट्यांतलं घर्षण प्रत्येक वेळी वेगळं असतं. बोल्टवर स्ट्रेन गेज (ताण मोजणारी पट्टी) लावून तो मोजा आणि आकडा नगाच्या क्रमांकासह नोंदवहीत लिहा.