लाईन आली की उठावं लागतं : गावातल्या फोनवर कोणता गेम ठेवावा?

गेम निवडताना बहुतेक पोट्टे ग्राफिक्स पाहतात, नाहीतर मित्र काय खेळतो ते पाहतात. गावात राहणाऱ्याने आधी दुसराच प्रश्न विचारावा : मध्येच उठावं लागलं तर काय जातं? कृषिपंपाची थ्री-फेज लाईन कधी दिवसा येते, कधी रात्री. आली की मोटर सुरू करायला वावरात जावंच लागतं. बराच वेळ लाईन गेली तर टॉवरही बसतो. अशा वेळी एखादा गेम अर्ध्या तासाची मेहनत खाऊन टाकतो, एखादा जिथे सोडला तिथेच थांबून राहतो. ही तुलना ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि रोजचा दीड जीबी डेटा धरून केली आहे. फोन यापेक्षा भारी असेल तर सेटिंग बदलेल, टॉवर मात्र तोच राहील.

बीजीएमआय की फ्री फायर मॅक्स

सगळ्यात जास्त वाद याच दोन बंदुकीच्या गेमवर होतो. बीजीएमआय म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया. दोन्हींत विमानातून उडी मारायची, बंदुका गोळा करायच्या, आकसत जाणाऱ्या वर्तुळात टिकायचं. फरक पहिला वेळेचा. बीजीएमआयचा एरँगल नकाशा ८ बाय ८ किलोमीटरचा, खेळाडू १००. शेवटपर्यंत टिकलात तर मॅच साधारण ३० मिनिटं चालते. फ्री फायर मॅक्समध्ये खेळाडू ५० च्या आसपास, नकाशा लहान, दहा-पंधरा मिनिटांत निकाल. बारा मिनिटांची मॅच सुटली तर माणूस चरफडतो आणि विसरतो. अठ्ठाविसाव्या मिनिटाला शेवटच्या दहांत असताना नेट गेलं तर रात्रीची झोप जाते.

नेट तुटून परत आलं तर दोन्ही गेम चालू मॅचमध्ये पुन्हा घेतात. पण मधल्या वेळात तुमचा गडी जिथे होता तिथेच उभा असतो, कोणीही येऊन मारावा असा. म्हणून वर कोपऱ्यातला पिंग (फोनची बातमी गेमच्या सर्व्हरकडे, म्हणजे कंपनीच्या संगणकाकडे, जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) लाल-पिवळा व्हायला लागला की आधी एखाद्या घरात शिरायचं, दार लावायचं आणि आतल्या खोलीत आडवं पडायचं. गाडी चालवत असाल तर आधी थांबा. तुटलेल्या नेटवर चालती गाडी परत आल्यावर कुठे सापडेल याचा नेम नसतो.

दुसरा फरक नेमबाजीचा. बीजीएमआयमध्ये बंदूक उसळते, लांबची गोळी खाली पडते, पावलांच्या आवाजावरून दिशा ओळखावी लागते. शिकायला महिने लागतात, आणि मजाही त्यातच आहे. नवख्याने एम४१६ धरावी, कारण तिचा धक्का आवरता येतो. एकेएमचा मार जास्त, पण ती हातात राहत नाही. फ्री फायरमध्ये निशाण बरंचसं आपोआप चिकटतं. तिथलं खरं कौशल्य ग्लू वॉल, म्हणजे क्षणात उभी राहणारी आडोशाची भिंत, वेळेवर टाकण्यात आहे. पिंग दीडशेच्या वर गेला की तीच भिंत अर्धा क्षण उशिरा उभी राहते, आणि तेवढ्यात माणूस मेलेला असतो.

बीजीएमआयमध्येही खराब नेटवर गोळी लागल्यासारखी दिसते, रक्त उडतं, समोरचा मरत नाही. याचा दोष फोनचा नाही. गोळी लागली की नाही ते सर्व्हर ठरवतो, आणि तुमची बातमी त्याच्याकडे उशिरा पोचते किंवा वाटेतच हरवते.

तिसरा फरक पैशांचा, आणि आमच्या मते इथे बीजीएमआय सरळ पुढे आहे. तिथे विकत मिळतात ते मुख्यतः कपडे आणि बंदुकांचे रंग. शंभर रुपये टाकणारा आणि एकही न टाकणारा एकाच ताकदीने उतरतात. फ्री फायरमध्ये प्रत्येक पात्राला वेगळं कौशल्य असतं, आणि त्याचा जिंकण्या-हरण्याशी संबंध येतो. बरीच पात्रं खेळत राहिल्यावर फुकटही मिळतात, पण मोह तयार केलेला आहेच. 'फुकट डायमंड' (फ्री फायरमधलं चलन) देणारी कुठलीही लिंक म्हणजे आयडी नाहीतर यूपीआय पिन काढून घेण्याचा धंदा. तिला दुसरा अर्थ नाही.

दोन्हींत पैसा टाकायच्या आधी एवढं ध्यानात ठेवा. मूळ फ्री फायरवर १४ फेब्रुवारी २०२२ ला बंदी आली; मॅक्स आवृत्ती राहिली. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये प्ले स्टोअरमधून काढला गेला आणि मे २०२३ मध्येच परतला. गेम एका रात्रीत गायब होऊ शकतो, हे दोनदा घडून गेलेलं आहे. मूळ फ्री फायरची फाइल कोणी व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती टाकू नका.

मग घ्यावा कोणता? रॅम ३ जीबी असेल तर वाद घालायचं कारणच नाही, फ्री फायर मॅक्स. ४ जीबी असेल आणि रात्रीची लाईन नसलेला आठवडा असेल तर बीजीएमआय. लाईनचा भरवसा नसेल तर बीजीएमआयमध्येच टीम डेथमॅच खेळा : चार विरुद्ध चार, ४० बळी आधी घेईल तो संघ जिंकला, मेलं की लगेच पुन्हा जिवंत. मिनिटभर नेट गेलं तरी दोन-तीन मरणांवर भागतं. फ्री फायरमधला क्लॅश स्क्वॉडही असाच आटोपशीर आहे, सातपैकी चार फेऱ्या घ्यायच्या. लिव्हिक हा बीजीएमआयचा २ बाय २ किलोमीटरचा नकाशा मधला मार्ग आहे. पंधरा मिनिटांत उरकतो.

कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल बंदुकीच्या हातचलाखीत या दोघांपेक्षा सरस वाटतो, आणि त्याचे पाच विरुद्ध पाचचे सामने छोटे असतात. अडचण जागेची. नकाशे आणि मोड तुकड्यातुकड्यांनी उतरवता येतात हे बरं, पण सगळं घेतलंत तर ६४ जीबीचा फोन रडायला लागतो. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' हा याच जातीचा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. विरलोक नावाचा त्याचा नकाशा पाहण्यासारखा आहे. वरच्या दोघांचा कंटाळा आल्यावर बघावा.

फोन आधी सरळ करा

गेम वाईट आहे असं म्हणण्याआधी एवढं तपासा. सिग्नलच्या काड्या पूर्ण आणि पिंग दोनशे, असं संध्याकाळी सात ते दहामध्ये सर्रास होतं. काड्या म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा येतो ते. टॉवरवर गर्दी किती आहे ते काड्या सांगत नाहीत. पहाटे किंवा दुपारी तोच फोन साठ-सत्तरवर येतो. टिनाच्या घरात सिग्नल अडतो आणि फोनही तापतो, त्यापेक्षा ओटा बरा. ५जीची हद्द गावाच्या कडेला संपत असेल तर फोन सारखा ५जी-४जी करत राहतो आणि दर वेळी झटका बसतो. सेटिंगमध्ये जाऊन तो ४जीवरच ठेवा.

दोन सिमच्या साध्या फोनमध्ये एका सिमवर कॉल चालू झाला की दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. मॅचपुरतं दुसरं सिम बंद करा. घरून तातडीचा फोन येणार असेल तर ज्या सिमचा डेटा वापरता त्याच्यावरच यायला सांगा, आणि त्या सिमचं व्होल्टीई (४जीवरूनच कॉल करायची सोय) चालू ठेवा.

बीजीएमआयमध्ये ग्राफिक्स 'स्मूद' ठेवायचं आणि फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढवायच्या. हाय म्हणजे ३०, अल्ट्रा म्हणजे ४०, एक्स्ट्रीम म्हणजे ६०. ६० दिसतं म्हणून निवडू नका. एप्रिल-मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास असतो. दहा मिनिटांत फोन तापून प्रोसेसर स्वतःच मंदावतो आणि ६० चे २५ होतात. एकसारखे ४० कधीही बरे. कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका; तशी सवय पडली की बॅटरी फुगते. कूलरसमोर बसा, पण फोन थेट ओल्या झोतात धरू नका. फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय तर विसराच, आत पाणी धरतं.

स्वस्तातल्या फोनमध्ये जायरोस्कोप बहुधा नसतो. फोन वाकवून निशाण साधायचं स्वप्न असेल तर विकत घेण्याआधी दुकानातच सेन्सर तपासून घ्या. इअरफोन वायरचाच, ब्लूटूथवर पावलं उशिरा ऐकू येतात. खेळताना डेटा फार जात नाही, जातो तो अपडेटमध्ये. मोठं अपडेट आलं की दिवसाचा पॅक संपलाच समजा. त्यासाठी तालुक्याला वायफाय असलेल्या मित्राकडे जायचं.

क्रिकेट

रिअल क्रिकेट पुण्याच्या नॉटिलसचा, वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप ३ चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा. दोन्ही नेटशिवाय चालतात, अर्धवट सामना सोडून पुन्हा उघडता येतो. मोटर लावून या, ओव्हर तिथेच असते. डेटा बंद ठेवून खेळलात तर जाहिरातीही कमी होतात. सगळ्या संघांचे परवाने नसल्यामुळे काही नावं मोडून-तोडून ठेवलेली दिसतील. दोन्हींत फटका टायमिंगवर आहे, म्हणून प्रेक्षक आणि स्टेडियमची सजावट कमीत कमी ठेवा. फोन अडखळला की चेंडू बॅटपाशी 'उडी मारून' येतो आणि चांगला फलंदाजही त्रिफळाचीत होतो. देशांतर्गत सामन्यांपासून वर चढत जायची हौस असेल तर चॅम्पियनशिप ३ चा करिअर मोड घ्या. संध्याकाळी वीस मिनिटं हात मोकळा करायचा असेल तर रिअल क्रिकेट.

शेतकऱ्याच्या घरी शेतीचा गेम

ऐकायला गंमत वाटते, पण आमच्या मापावर सगळ्यात पक्के हेच दोन उतरतात : स्टारड्यू व्हॅली आणि फार्मिंग सिम्युलेटर २०. दोन्ही एकदाच पैसे देऊन घ्यायचे, दोन्हींना नेट लागत नाही.

स्टारड्यू एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला; २०१६ मध्ये संगणकावर, अँड्रॉइडवर २०१९ मध्ये. गेममधला एक दिवस खऱ्या १४ मिनिटांत संपतो, ऋतू २८ दिवसांचा. झोपल्यावर खेळ जतन होतो. फोनच्या आवृत्तीत मध्येच बाहेर पडलात तरी ती जागा राखून ठेवते. सुरुवातीला ५०० नाणी आणि पार्सनिपचं १५ बियाणं मिळतं. पार्सनिप म्हणजे गाजरासारखं कंद : २० ला बी, चार दिवसांत तयार, ३५ ला विक्री. बटाटा ५० चा, सहा दिवसांत ८० देतो. फ्लॉवर ८० चा, १२ दिवस घेतो, पण १७५ ला जातो. नवखे पहिल्याच आठवड्यात सगळं वावर पेरून टाकतात आणि पाणी देता-देताच दिवस संपवतात. अंगातली ताकद संपली की गडी कोसळतो. पहिल्या वसंतात तीस-चाळीस चौकटींवर जाऊ नका. तुषार संच मिळाल्यावर वाढवा : साधा चार चौकटी भिजवतो, पुढचा आठ, सगळ्यात भारी चोवीस. दुसरी ठरलेली चूक म्हणजे २० तारखेनंतर लांब मुदतीचं पीक लावणं. ऋतू बदलला की उभं पीक मरतं, पंचनामा होत नाही.

उलट सुखही आहे. माल पेटीत टाकला की सकाळी पैसे जमा. काटा नाही, ओलाव्याची कपात नाही, भाव पडत नाही. विदर्भातल्या माणसाला हा भाग सगळ्यात काल्पनिक वाटेल. खरी अडचण भाषेची. हिंदी-मराठी नाही, आणि वाचायचं बरंच आहे.

फार्मिंग सिम्युलेटर २० मध्ये यंत्रं खरी आहेत : ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, हार्वेस्टर. विक्रीच्या ठिकाणांनुसार भाव बदलतो, म्हणजे थांबून विकण्याचा हिशेब इथे करावा लागतो. मालिकेतल्या फोनवरच्या या भागात कापूसही आहे. आपल्याकडे पऱ्हाटीची वेचणी बाया हाताने करतात, तीन-तीन वेच्यांत. इथे कापसाचं यंत्र एका फेरीत वावर साफ करतं. ते यंत्र महाग, म्हणून पहिल्याच हंगामात कापूस पेरला तर तो उभाच राहतो. आधी गहू-मोहरीवर पैसा करा, मग यंत्र, मग कापूस. मजूर लावून स्वतः दुसऱ्या वावरात जाता येतं. वळताना कडेचं पीक सुटतं, तेवढं हाताने काढायचं.

शांत डोक्याने गुंतायचं असेल तर स्टारड्यू. यंत्रांची आवड असेल आणि इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर सिम्युलेटर.

चार जण, एक हॉटस्पॉट

सगळे एकाच ओट्यावर बसले असतील आणि टॉवर पूर्ण झोपला असेल, तेव्हा लुडो किंग एका फोनवर हातोहात फिरतो. पैसे लावायच्या लुडोच्या नादाला लागू नका. २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम देशात बंद केले आहेत, तरी आडमार्गाच्या लिंक फिरत असतात.

ठोकळ्यांनी आपलं जग बांधायचा माइनक्राफ्ट यात सगळ्यात टिकाऊ. एकाने हॉटस्पॉट चालू करून आपलं जग उघडायचं, बाकीचे त्याला जोडून त्याच जगात शिरतात. इंटरनेट लागत नाही, पण प्रत्येकाच्या फोनमध्ये विकत घेतलेला गेम आणि तीच आवृत्ती हवी. एकाचं अपडेट झालं, दुसऱ्याचं राहिलं, की जग दिसतच नाही. ज्याचा फोन सगळ्यात भारी, जग त्याचं. रेंडर अंतर (जग किती लांबपर्यंत दिसावं ते; ते चंक नावाच्या तुकड्यांत मोजतात) सहा ते आठ चंकवर आणा, नाहीतर ४ जीबीचा फोन अडखळतो. आणि जागा भरली म्हणून गेम काढून टाकण्याआधी सेटिंगमधून जग एक्स्पोर्ट करून मेमरी कार्डवर टाका; नुसतं अनइन्स्टॉल केलं तर महिनाभर बांधलेलं गाव त्याच्यासोबत जातं.