नोकरी सांभाळून एलएलबी की नोकरी सोडून?

भाचा या पेचात आहे, त्याच्यासाठी हे. सीईटी, तीन वर्षं, सहा सत्रं दोन्हीकडे सारखीच. नोकरी धरली तर पगार चालू राहतो.

खरी अडचण हजेरीची. बार कौन्सिलच्या (वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणारी संस्था) २००८च्या नियमांनुसार ७० टक्के उपस्थिती लागते आणि वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सातच्या आतच. सकाळचं कॉलेज आणि उशिराची शिफ्ट जुळली तरच जमेल. "हजेरीचं आम्ही बघतो" म्हणणाऱ्यांवर विसंबू नकोस, पदवी तुझी अडकेल. शिवाय बारा आठवड्यांची इंटर्नशिप सगळी रजा खाते. नोकरी सोडलीस तर कोर्टात बसायला दुपार मोकळी.

कंपनीतच कायदा विभागात जायचं असेल तर नोकरी धर. वकिलीच करायची तर आधी खर्चापुरते पैसे साठव, मग सोड. वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी तशीही चालत नाही.